थोरलीचा धक्का

टुआटापेरे,
३ फेब्रुवारी १९७५

ती. विल्फमामांना नोलाचा सा. न. वि. वि.

फोन करून काही उपयोग नाही, तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक आहे. मेंढ्यांची कातरणी झाली. प्लमचं झाड यंदा लगडलं होतं, मी तोडली नाहीत, पक्ष्यांनी खाल्ली.

काम असं आहे. हॅलोरन खोऱ्याची चिठ्ठी यंदाही आमच्या नावाने निघाली. हेनारे दर वर्षी शिकारीच्या सोडतीत आमची तिघांची नावं घालतो. क्लिफ, तो स्वतः, आणि तीन माणसं भरावीत म्हणून मी. मी आपली स्वयंपाकाला. यंदा त्याने फॉर्म भरताना गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवला आणि हाताच्या सवयीने क्लिफचंही नाव उतरवून काढलं. पोस्टात टाकून घरी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आता निकालाचं पत्र आलंय तेही क्लिफच्याच नावाने. ५ ते १३ एप्रिल, म्हणजे नर हरणांच्या डरकाळ्या ऐन भरात असतात तो आठवडा. क्लिफला जाऊन अठ्ठावीस एप्रिलला वर्ष होईल.

हेनारे टोपी हातात धरून ओट्यावर उभा होता. म्हणाला की मी कळवून टाकतो, रद्द करा म्हणून. मी म्हटलं, नको, आपण जाऊ. या वेळी मी स्वयंपाकाला नाही, बंदूक घेऊन येईन.

तर क्लिफची रायफल तुमच्याकडे आहे. त्याच्याबरोबर नदीतून निघाली तेव्हा हेनारेने ती गंज काढायला तुमच्याकडे पाठवली होती. ती परत पाठवा. मला तीच न्यायची आहे. बापाच्या शेतावर मी ससे मारलेत हे तुम्हांला माहीतच आहे, तुम्हीच शिकवलंत.

क्लिफचे जंगलात घालायचे लोकरी शर्ट तसेच आहेत. उजव्या खांद्याला आतून गादी शिवलेले चार. पाठपिशवीचा पट्टा रुततो म्हणायचा, म्हणून मी गाद्या शिवून द्यायची. त्यातलाच एक घालीन. सैल होतो, पण चालेल.

मी बरी आहे. लोभ ठेवा.
नोला

*

रीफ्टन,
१० फेब्रुवारी

चि. नोलाला विल्फमामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. बहिरेपणाचा एवढा उघड उल्लेख करायची गरज नव्हती, पण तुझी आईही अशीच होती. चाळीस वर्षं सरकारसाठी हरणं मारली, त्याची पेन्शन पोस्टात येते आणि बाकीची कानांत घुमते.

आता बंदुकीचं. बाई गं, ससा आणि नर हरीण यांत फरक आहे, तसा सशाच्या बंदुकीत आणि क्लिफच्या रायफलीतही आहे. ती थर्टी-ओ-सिक्स आहे. दस्त्याला मागे लोखंडी पट्टी, रबर नाही. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने ती मागे येते आणि येताना कोण विधवा, कोण सधवा असं बघत नाही. माझ्याकडे सहा सहा फुटी पोरं येतात, सगळ्यांत मोठी बंदूक मागतात आणि महिन्याने गुपचूप परत आणून देतात. वर सांगतात काय, तर बायकोला आवडली नाही.

एक गोष्ट नीट ऐक. धक्क्याने माणूस पडत नाही. धक्का आठवतो आणि पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नळी खाली जाते. याला आम्ही दचक म्हणतो. मग हरीण मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातं आणि तीन दिवसांनी मरतं. म्हणून बंदूक निवडायची ती हरणाकडे बघून नव्हे, आपल्या खांद्याकडे बघून.

मी तीन पाठवतोय, बसच्या टपावरून. धाकटी अगदी हलकी आहे, बकऱ्यांपुरती. मधली दोनशे त्रेचाळीसची, हिच्या गोळीने नर पडतो आणि खांदा जागेवर राहतो. माझं मत विचारशील तर मधली. आणि तू म्हणतेस म्हणून थोरली, म्हणजे क्लिफची. साफ केली आहे. तिघींचे बोल्ट वेगळे काढून हेनारेच्या नावाने पाठवलेत. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. बोल्ट त्याच्याकडेच राहतील. त्याच्या माळावर प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्या झाड आणि कुठली खांद्याला किती लागते ते मला खरं खरं लिही.

जेवतेस का? माझ्यावरचा लोभ वाढवायची गरज नाही, आहे तेवढा टिकव.
विल्फमामा

*

टुआटापेरे,
२४ फेब्रुवारी

ती. विल्फमामांना सा. न. वि. वि.

तिन्ही रायफली पोचल्या. शनिवारी हेनारेच्या माळावर झाडल्या. तिघींच्या दहा-दहा.

लागत कुठलीच नाही. तुम्ही खरं लिहायला सांगितलंत म्हणून लिहिते. थोरली जरा जास्त आवाज करते एवढंच. बाकी मला तिघी सारख्याच. त्यामुळे थोरलीच नेईन.

नेम बरा आहे. हेनारेने पुठ्ठा मोजून बघितला आणि घडी करून खिशात घातला.

जेवते. शेजारणी अजून पातेली आणून देतात. मटण-बटाटे बहुतेक. पातेली धुऊन परत करते, पण कुठलं कुणाचं ते लक्षात राहत नाही. मिसेस मॅकॅलमना दुसऱ्याच कुणाचं तरी दिलं, त्यांनी ते तसंच घेतलं. परवा चुलीच्या तव्यावर हात टेकला होता. वास आला तेव्हा कळलं. फार नाही भाजलं, डावा आहे.

लोक विचारतात की कशी आहेस. मी बरी आहे म्हणते आणि ते खोटं नाही. काही होत नाहीये. अंत्यविधीला रडले नाही म्हणून क्लिफची बहीण मला दगड म्हणाली. मला तेही काही वाटलं नाही.

थोरलीचा बोल्ट हेनारेकडे मागितला. तो म्हणतो की मामांना विचारा. म्हणून विचारते.

लोभ ठेवा.
नोला

*

रीफ्टन,
३ मार्च

चि. नोलाला अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हे पत्र वाचून झालं की आरशासमोर उभी राहा, ब्लाउज उजव्या खांद्यावरून उतरव आणि काय दिसतं ते बघ. मग मला लिही.

ज्याला थोरली लागत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. तो मीच. तुझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. माझा जोडीदार आल्फ पुराच्या पाण्यात माझ्या डोळ्यांदेखत गेला. दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. सबंध मोसम माझ्याकडे थ्री-नॉट-थ्री होती, पितळी पट्टीची. दिवसाला पन्नास गोळ्या. लागायचीच नाही. मला वाटलं की चला, आपण पक्के झालो. मोसम संपल्यावर तुझ्या आजीने मला अंघोळीला पाणी काढून दिलं आणि पाठ चोळायला आली ती किंचाळलीच. खांदा आधी काळा आणि मग हिरवा पडला होता. मला पत्ता नव्हता. त्या मोसमात मी दोनदा कड्याच्या अशा टोकावर उभा राहिलो की आता आठवलं तर तळवे घामेजतात. तेव्हा नाही घामेजले.

न लागणं ही ताकद नव्हे, पोरी. बोल्ट आत्ता देणार नाही. हेनारेला वेगळं लिहितोय.

भाजलेल्या हाताला लोणी लावू नकोस, ते जुनं खूळ आहे. थंड पाणी.
तुझा बहिरा पण आंधळा नव्हे असा
विल्फमामा

*

टुआटापेरे,
१२ मार्च

विल्फमामांना हेनारेचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. तुम्ही सांगितलं तसं केलं तेवढं कळवतो.

थोरली मी भरून दिली. पाच गोळ्या दिल्या, त्यांत दोन पोकळ, आत दारू नसलेल्या, कुठल्या ते तिला सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात की पोकळ गोळीवर नुसता खट्‌ आवाज होतो आणि तेव्हा दचक असेल तर नळी हलते, ती लपत नाही. मी बाजूला बसून नळीच्या टोकाकडे बघत होतो. खट्‌ झालं. नळी हलली नाही. दुसऱ्यांदाही नाही. केसभरसुद्धा नाही. मामा, माझी स्वतःची हलते. क्लिफची तर हलायचीच. हिची नाही. मला ते बघवेना.

खांदा माझ्या बायकोने बघितला. जांभळा आहे, मानेपासून काखेपर्यंत. नोला म्हणाली की अगं बाई, हे कधी झालं. दुसऱ्याच कुणाचा खांदा असावा तशी बघत होती म्हणे.

बोल्ट मी पिठाच्या डब्यात ठेवलाय. तिने दोनदा मागितला.

चूक माझी आहे. मेलेल्या माणसाचं नाव मी फॉर्मवर लिहिलं. आई म्हणते की तू लिहिलं नाहीस, तुझ्याकडून लिहून घेतलं. ते मला कळत नाही. यंदा एप्रिलला घरचे सगळे बेटावर टीटी पक्षी धरायला जातील, मी मागाहून जाईन. गेल्या वर्षी मी बेटावर होतो आणि क्लिफ एकटाच वर गेला. हिला एकटीला वर सोडणार नाही. पण तिला बंदूक कुठली द्यायची ते तुम्ही ठरवा.

आपला,
हेनारे

*

रीफ्टन,
१८ मार्च

चि. नोलाला अ. उ. आ.

मला भीती काय वाटते ते आता स्पष्टच लिहितो, आडून लिहायचं वय गेलं. मला भीती वाटते की तू वर जाशील आणि तुला खाली यायचं नाहीये. खोऱ्यात जायला माझी ना नाही. ज्या नदीत तो गेला ती नदी बघायलाही ना नाही. पण आपण परत येणार आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात मी भरलेली थोरली देणार नाही. देऊन बसलो तर मला उरलेले दिवस काढता येणार नाहीत. आता तू सांग, तुला परत यायचं आहे का? विचारतो याचा राग आला तर येऊ दे.

आणि दुसरं. हे मी थडग्यात न्यायचं कबूल केलं होतं, पण ज्याला कबूल केलं तोच आधी गेला. तुला थोरली हवी आहे कारण ती क्लिफची, क्लिफला पेलायची ती. ऐक तर मग. क्लिफला ती पेलत नव्हती. लग्नाच्या वर्षी माझ्याकडे आला आणि सगळ्यांत मोठी मागितली, कारण तुझा बाप तिथे उभा होता. पहिल्याच गोळीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं की मधली घे रे. तो म्हणाला की सासऱ्याला काय तोंड दाखवू. तुझ्या शर्टांतल्या त्या गाद्या पाठपिशवीच्या पट्ट्यासाठी नव्हत्या, नोला. पट्टे दोन असतात. गादी एकाच खांद्याला का, हा प्रश्न तुला बावीस वर्षांत पडला नाही याचं मला आणि त्याला दोघांनाही नवल वाटायचं. दचक त्याची शेवटपर्यंत गेली नाही. त्याने मारलेल्या हरणांत निम्मी हेनारेची आहेत.

चांगला माणूस होता. तुझ्यासमोर लहान दिसायचं नव्हतं त्याला, एवढंच.

उत्तराची वाट बघतोय. पोस्टमन माझ्या तोंडाकडे बघून हल्ली सायकल हळू करतो.
विल्फमामा

*

टुआटापेरे,
२५ मार्च

मामा,

बावीस वर्षं. दर हिवाळ्यात मी ती लोकर पिंजत बसायची. एकदा सुई बोटात आरपार गेली होती. आणि तुम्ही तिघंही हसत होता. तुम्ही, तो आणि तो हेनारे.

पट्टे दोन असतात हे मला कळतं.

मी पाच तारखेला, शनिवारी वर जाणार आहे आणि थोरलीच नेणार आहे. त्याने खोटं बोलून जी वागवली ती मी खरी वागवून दाखवते. परत यायचं आहे का विचारता. आधी मला जाऊ तर द्या.

नोला

*

रीफ्टन,
२९ मार्च

चि. नोलाला अ. उ. आ.

रागावलीस. देवाची कृपा. अकरा महिन्यांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ, जी वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला, आणि ऐकू येण्याची माझी काय स्थिती आहे ते तू जाणतेस.

हेनारेला लिहिलंय की थोरलीचा बोल्ट दे, पण मधलीही बरोबर घे. वर गेल्यावर शिकाऱ्यांच्या खोपीतल्या वहीत नाव लिहा आणि खाली कधी येणार तो वार लिहा. सगळे लिहितात तसं. आणि तो पाळ.

मी खुर्चीत बसून आहे.
विल्फमामा

*

टुआटापेरे,
१४ एप्रिल

ती. विल्फमामांना नोलाचा सा. न. वि. वि.

काल, रविवारी दुपारी खाली आलो. आधी हे लिहिते, कारण तुम्ही तेच आधी शोधाल.

आता क्रमाने. निघालो त्या शनिवारी आठ तास चाललो. नदी तीनदा ओलांडली. तिसऱ्या ठिकाणी हेनारे थांबला आणि म्हणाला की इथे. पाणी गुडघाभर होतं. मी बघितलं आणि पलीकडे गेले. काही झालं नाही.

शिकाऱ्यांच्या खोपीशी पोचलो तेव्हा उन्हं होती. दार उघडलं तर सरपणाची पेटी काठोकाठ भरलेली. तुम्हांला रीत माहीत आहे, जाणाऱ्याने पुढच्यासाठी कोरडी लाकडं ठेवून जायचं. वहीत शेवटचं नाव क्लिफचं होतं. त्याच्यानंतर कुणी आलंच नव्हतं. शोधायला गेले ते सगळे खाली नदीत शोधत होते, वर कोण कशाला येईल. त्याने लिहिलं होतं, पाऊस, एक लहान नर, रविवारी खाली. पेटीवर बारीक चिरफळ्यांची जुडी होती, चाकूने टोकाला पिसं काढलेल्या. तशी तोच काढायचा, घरीसुद्धा, मी ओरडायची की जमिनीवर कचरा होतो. ती लाकडं त्याने पुढच्यासाठी ठेवली होती. पुढची मी होते.

हेनारे म्हणाला की या नकोत जाळायला, मी बाहेरून आणतो. मी म्हटलं की मग कशाला ठेवल्यात त्याने. पेटवल्या. पहिल्या काडीला धरल्या. चहा केला, घरून नेलेलं पाव-मटण खाल्लं, आणि मामा, ते मटण खारट होतं. मिसेस मॅकॅलमचं असणार, त्या नेहमी मीठ जास्त घालतात. हे मला खाताना कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या सोंडेवर नर ओरडला. हेनारेने उत्तर दिलं, त्याचा आवाज तुम्हांला माहीत आहे, म्हाताऱ्या बैलासारखा. नर उघड्यावर आला. दीडशे पावलांवर उभा, मान वर. मी थोरली खांद्याला लावली. आणि मला एकदम आठवलं की हिला लोखंडी पट्टी आहे. आजवर आठवलं नव्हतं. क्लिफ सासऱ्यासमोर उभा आहे आणि डोळ्यांत पाणी आलंय, तेही दिसलं. मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. कचकचून मिटले. नळी किती खाली गेली ते हेनारे सांगतो, पण तो वाढवून सांगतो. गोळी नरापासून दहा पावलांवर चिखलात गेली. नर आमच्याकडे बघून सावकाश निघून गेला.

आणि लागलं, मामा. खांद्यात असं लागलं की रायफल हातातून सुटली. आधीच्या सगळ्या गोळ्या एकदम लागल्यासारखं. मी खाली बसले आणि आई गं म्हणून ओरडले, मग रडायला लागले आणि थांबेना. खांद्यासाठी रडत होते, खरंच खांद्यासाठी, पण ते थोडाच वेळ. हेनारेने रायफल उचलून पुसली आणि शेजारी बसला. म्हणाला की क्लिफही पहिल्यांदा असाच चुकला होता आणि वर त्याने वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. मग मी रडता रडता हसले. दोन्ही एकदम करता येतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधली घेतली. एक मादी मिळाली, जागच्या जागी पडली. मागच्या मांडीला तुमच्यासाठी हेनारे धुरी देतोय, बसने पाठवीन.

निघताना पेटी भरली. मीच तोडली लाकडं, डाव्या हाताने जास्त. वहीत क्लिफच्या ओळीखाली दोन नावं लिहिली आणि रविवारी खाली असं लिहिलं. हेनारेने माझ्या खांद्यावरून वाचलं. मग आम्ही खाली आलो.

थोरली परत पाठवते आहे. तिला रबर लावा किंवा लावू नका, विकू मात्र नका. मधली मी ठेवते. तिचा दस्ता मला अर्धा इंच लांब पडतो, कापायला कधी आणू ते कळवा. मीच घेऊन येईन, तुमच्या पोस्टमनलाही बघायचं आहे.

खांदा अजून दुखतो. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. काल क्लिफच्या एका शर्टातली गादी उसवली आणि माझ्या शर्टाला आतून शिवली, उजव्या खांद्याला. कुणी विचारलं तर पाठपिशवीचा पट्टा रुततो म्हणून सांगणार आहे.

तुमची,
नोला